मैदानाच्या आतल्या जगदाळे मॅडम

मेढ्याच्या शाळेत हजर झाले त्या दिवशी जगदाळे मॅडमनी मला खोली दाखवायच्या आधी आपले हात दाखवले.

त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि त्यांच्या भाड्याच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे असं शिपायानं सांगितलं म्हणून मी पेटी घेऊन गेले होते. दारात त्या उभ्या. उंच, खांद्यानं रुंद, अंगात निळा ट्रॅकसूट. त्यांनी दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि हात माझ्यापुढं धरले. कोपरांवर आणि मनगटांच्या वर लाल चट्टे होते, आणि चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे, ओल आलेल्या भिंतीचा चुना सुटावा तसे.

"हा सोरायसिस," त्या म्हणाल्या. "लागत नाही. ताटातनं लागत नाही, अंथरुणातनं लागत नाही, एका बादलीतनं लागत नाही. काय विचारायचं ते आत्ता उंबऱ्यावर विचारा. आत आल्यावर दाराआड कुजबूज नको."

मी पूर्वेकडच्या माळावरची. आमच्या घराण्यात माझ्या वडलांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. नोकरीचा पहिला दिवस, अनोळखी डोंगर, अनोळखी बाई. काय विचारावं कळेना म्हणून जे सुचलं ते विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

मॅडम खदखदून हसल्या. "सकाळी येतं, तेही त्याच्या मर्जीनं. या आत."

त्या खोलीत मी त्यांच्याबरोबर तीन वर्षं राहिले. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मला माहीत आहेत त्या त्यांच्या सवयी, त्यांची बोलणी, आणि शेवटच्या वर्षीची एक लढाई.

सकाळी उठल्या उठल्या त्या आपली चादर चार कोपरे धरून उचलायच्या आणि परसात जाऊन झाडायच्या. "चला, रात्रीचा कोंडा टाकून आले," असं म्हणत आत यायच्या. मग अंगाला तेल लावून मागच्या पायरीवर कोवळ्या उन्हात हात पसरून बसायच्या. चहाही तिथंच. घरमालकीणकाकूंना सुरुवातीला वाटायचं, बाई सूर्याची काहीतरी उपासना करतात. एकदा त्यांनी विचारलंच, "कोणतं व्रत हो मॅडम हे?" मॅडम म्हणाल्या, "काकू, व्रत नाही. हातांना नाश्ता देतेय."

अंगाला खाज सुटली की त्या खाजवायच्या नाहीत. तळहातानं थोपटायच्या, लहान मुलाला झोपवतात तसं. हेडसरांचं भाषण लांबलं की स्टाफरूममध्ये थप थप असा आवाज सुरू व्हायचा आणि सगळे खाली मान घालून हसायचे. एकदा हेडसर स्वतःच थांबले. "मॅडम, कोपर उठलं वाटतं?" "होय सर. शिस्तीवर आलात तेव्हाच उठलं." हेडसरांनी भाषण आवरतं घेतलं. माणूस वाईट नव्हता तो. फक्त कुठलाही वाद दारात दिसला की त्यांना घाम फुटायचा.

मॅडमचा दुसरा प्रसिद्ध विषय म्हणजे वांगं. आपल्याकडं कातडीला काहीही झालं की पहिला गुन्हेगार वांगं. एसटीतला कंडक्टर, फळवाली, बँकेतला शिपाई, ज्यानं त्यानं त्यांना विचारलेलं, "मॅडम, वांगं बंद केलंय का?" शाळेत कुणी नवीन माणूस रुजू झालं की मॅडम मुद्दाम डब्यात भरली वांगी आणायच्या आणि त्याच्या समोर बसून खायच्या. "कॉलेजभर वांगं सोडलं होतं मी," त्या सांगायच्या. "चट्टे होते तिथंच राहिले, वांगं मात्र गेलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, वांगं खाल्ल्यावर तुम्हाला स्वतःला काही त्रास होतो का? मी म्हणलं, न खाल्ल्यावर होतो."

पण वांगंवाल्यांपेक्षा त्यांचा राग होता तो 'टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्यांवर. आजार मनाशी जोडलेला आहे असं कळलं की लोक हसून खांद्यावर हात ठेवतात, म्हणजे ठेवल्यासारखं करतात, आणि म्हणतात, टेन्शन घेऊ नका. मॅडम विचारायच्या, "मी काय ते दुकानातनं घेते का? वाण्याला सांगू, आज अर्धा किलो कमी दे म्हणून?"

मला त्यांच्या मागच्या दिवसांची हकीगत कळली ती एसटीत. अधूनमधून शनिवारी त्या सांगलीला डॉक्टरांकडं जायच्या आणि मी कवठे महांकाळच्या बाजूला घरी. सांगलीपर्यंत आमची वाट एकच. खिडकीजवळची जागा त्या मला द्यायच्या आणि स्वतः कडेला बसायच्या. कुणी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या दांड्याला धरून उभं राहायला कचरलं की त्या आपणहून सांगायच्या, "धरा हो, लागत नाही." मग माझ्याकडं वळून बोलणं पुढं चालू.

त्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. मुलगी कबड्डी खेळते याचा आण्णांना अभिमान. चट्टे पहिल्यांदा उठले ते बारावीत, कोपरावर. कॉलेजला गेल्यावर वाढले. तरी त्या खेळत राहिल्या.

"वाईला सामने होते," त्यांनी सांगितलं. "नदीकडच्या मैदानावर. मी चढाईला जायची आणि समोरच्या पोरी मागं मागं सरायच्या. मी पार आत शिरायची, मुद्दाम. पकडायला येणारी पोरगी माझं कोपर बघायची आणि हात आखडायची. मी शिवायची आणि परत यायची. गुणावर गुण. आमच्या पोरी नाचायला लागल्या. एक म्हणाली, रंजे, तुझं बरं हाय गं, तुला कोण धरतंय! मी पण हसले. सामना जिंकला. मग मी पंचांकडं गेले. म्हणलं, सर, त्यांनी मला धरलंच न्हाई. पंच म्हणाले, मग तुझी तक्रार काय हाय पोरी? मी म्हणलं, हीच."

एवढं सांगेपर्यंत बस कराडच्या पुढं आली होती.

त्यानंतर त्या खेळल्या नाहीत. मे महिन्यात लांब बाह्यांचे कपडे घालायला लागल्या. मावसबहिणीच्या लग्नाला गेल्या नाहीत. आधी अंगण सुटलं, मग सोपा सुटला, मग माजघरातच बसून राहायच्या. चट्टे पाठीवर गेले, डोक्यात गेले. "चट्टे वाढले म्हणून मी कोंडून घेतलं. कोंडून घेतलं म्हणून चट्टे वाढले. आधी काय आणि मागनं काय, मलाच कळंना. झोप गेली, जेवण तुटलं. सकाळ झाली की वाटायचं, कशाला झाली."

आण्णांनी त्यांना जमतं ते औषध दिलं. पहाटे उठवायचं, पळायला लावायचं, गार पाण्यानं आंघोळ. "आमच्या बटालियनमधी असलं कुणालाच नव्हतं," हे त्यांचं निदान. शेवटी मॅडमच्या आईनं हट्टानं दोघा बापलेकींना सांगलीच्या कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी कोपर पाहिलं, पाठ पाहिली, आणि मग कातडीचं सोडून भलतंच विचारत बसले. झोप लागते का? रडू येतं का? मैत्रिणी येतात का घरी? सगळं ऐकून म्हणाले, "मी मलम देतो, गोळ्या देतो, प्रकाशाचा उपचारही करू. पण हे निम्मं झालं. उरलेलं निम्मं वरच्या मजल्यावर आहे." वरच्या मजल्यावर पाटी होती मनोविकारतज्ज्ञांची.

आण्णा खुर्चीतून उठले. "माझी पोरगी येडी न्हाई डॉक्टर. तिची कातडी बिघडलीया, डोकं न्हाई."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वेडी आहे असं मी म्हटलंच नाही, सुभेदारसाहेब. आईच्या पोटात कातडी आणि मेंदू एकाच थरापासून तयार होतात. म्हणून एकीकडं बिघडलं की दुसरीकडं कळतं."

"ते पोटातलं झालं," आण्णा म्हणाले. "आता ती बाहेर हाय."

ते वर गेले नाहीत. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले, गावाकडचं कुणी बघेल म्हणून भिंतीकडं तोंड करून. मॅडम एकट्या वर गेल्या. "आण्णांच्या अंगाला अंग न लागता जिन्यातनं जायला जागा नव्हती," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या खांद्यावर हात टेकून पलीकडं गेले. त्यांनी हात झटकला नाही, पण मान पण वळवली नाही."

वरच्या डॉक्टरबाईंनी कातडीबद्दल अक्षर विचारलं नाही. विचारलं, "पूर्वी काय करायला आवडायचं?" मॅडम म्हणाल्या, "कबड्डी," आणि त्यांना जे रडू फुटलं ते आवरेना. तिथून पुढं काही महिने गोळ्या, आणि दर थोड्या दिवसांनी जाऊन बोलणं. खाली मलम आणि प्रकाशाचा उपचार. "चट्टे गेले नाहीत. कमी झाले, पुन्हा येतात, पुन्हा कमी होतात. पण मी परत आले," त्या म्हणाल्या. पुढं त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, नोकरी मिळवली.

मी विचारलं, "आण्णा अजून जिन्यातच बसतात?"

"छे. आता वर येतात. डॉक्टरबाईंना घरची काकवी आणतात. पण खुर्चीत बसायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, आमी आपलं नुसतं भेटायला आलोय."

डॉक्टरांचं ते एका थराचं बोलणं मॅडमनी आपल्या पद्धतीनं करून घेतलं होतं. मुलींना त्या सांगायच्या, "मन आणि कातडी सख्ख्या बहिणी आहेत. एकीला बोललं की दुसरी रुसते." मी विज्ञान शिकवते. माझ्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्यांचं हे वाक्य मुलींच्या जास्त लक्षात राहिलं.

आता त्या शेवटच्या वर्षीची गोष्ट.

शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ मॅडमनीच उभा केला होता. त्यांची शिकवायची रीत एकच. स्वतः चढाईला यायच्या आणि मुलींना सांगायच्या, "धरा मला." घोटा कसा धरायचा, कंबर कशी धरायची, दोघींनी हात गुंफून साखळी कशी करायची, हे सगळं त्यांच्या अंगावर शिकायचं. खरचटलं तर तिथं नवा चट्टा उठू शकतो असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्या गुडघ्यांना, कोपरांना पॅड बांधायच्या आणि सरावाआधी मुलींकडून मैदान पाणी मारून भुसभुशीत करून घ्यायच्या. सगळ्यांची नखं स्वतः तपासायच्या. पण पॅडच्या वर-खाली चट्टे दिसायचेच. दरवर्षी नव्या मुली पहिले काही दिवस बिचकायच्या आणि मग विसरून जायच्या.

त्या वर्षी प्रणाली नावाची मुलगी आली. बारीक, पण पाय धरला की सोडायची नाही. मॅडम तिच्यावर खूश. एक दिवस तिची आई शोभावहिनी थेट हेडसरांच्या खोलीत आल्या. मीही तिथंच हजेरीच्या कामाला होते.

"आवं सर, त्या मॅडम माझ्या पोरीला धरत्यात, अंगावर घेत्यात. पोरीच्या अंगानं ते माझ्या घरात आलंया. रोज सांजच्याला माझ्या अंगावर ह्या एवढ्या गांधी उठत्यात. आदी कवा न्हवतं आमच्यात असलं."

हेडसरांनी मॅडमना बोलावलं. शोभावहिनी खुर्ची मागं सारून उभ्या राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "वहिनी, माझं लागत नाही." वहिनी म्हणाल्या, "तुमी म्हनताय. माझं अंग काय म्हनतंय ते बघा की."

वहिनी गेल्यावर हेडसर कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, मला कळतं हो. पण उद्या आणखी चार आया येतील. तालुक्याचे सामने तोंडावर आहेत. तुम्ही असं करा, रेषेच्या बाहेर उभ्या राहा. शिट्टीवर शिकवा. मुली एकमेकींना धरतील."

"सर, मी बाहेर उभी राहिले तर सगळ्या गावाला काय कळेल? की शाळेनंच मान्य केलं, बाईंचं लागतं म्हणून."

"मग यंदा संघ पाठवायला नको."

"संघ जाणार," मॅडम म्हणाल्या. "आणि मी आतच राहणार. मला थोडे दिवस द्या."

खोलीवर आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत गॅसकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हेडसरांना वाटतं शिट्टीचा प्रश्न आहे. अगं, मला माझं माहितेय. मागच्या वेळी मैदानाबाहेर आले ती माजघरात जाऊन बसले. या वेळी बाहेर आले तर परत आत जायची ताकद माझ्यात नाही. म्हणून बाहेर यायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन शोभावहिनींच्या घरी गेल्या. मेढ्याच्या वरच्या अंगाला, भाताच्या खाचरांच्या कडेला त्यांचं घर. वहिनींनी बसायला घोंगडं टाकलं. चहा आला. मला स्टीलच्या कपात, मॅडमना कागदी पेल्यात. मॅडमनी पेला पाहिला, उचलला आणि प्यायला लागल्या.

"वहिनी, चहा झकास झालाय. गवती चहा घरचाच?"

वहिनी ओशाळल्या. "व्हय. परड्यात हाय."

सांज होत आली होती. बोलता बोलता वहिनींचा हात दंडाकडं गेला. मग मानेकडं. बघता बघता त्यांच्या हातावर लालभडक गांधी उठल्या. त्यांनी फळीवरची वाटी घेतली. तीत आमसूल भिजत घातलेलं पाणी होतं. ते चोळत म्हणाल्या, "बघा. ह्ये असं. रोज ह्याच वक्ताला पित्त उठतंया."

"कधीपासनं?" मॅडमनी विचारलं.

"दिवाळीपासनं."

"प्रणाली कबड्डीला आली ती जूनमध्ये."

"त्येच म्हनते मी. आदी दबून बसलं आसंल."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "प्रणालीचे वडील कुठं असतात?"

"वर. बर्फात." फौजेतल्या माणसांच्या घरी एवढं सांगितलं की पुरतं. "दिवाळीची सुट्टी संपवून गेले ते आजून आलं न्हाईत. तिथं फोन लागत न्हाई. लागला तर सांजचाच लागतो."

फोन फळीवर वाटीशेजारीच ठेवला होता. वहिनींनी बोलता बोलता एकदा तिकडं पाहिलं. मीही पाहिलं.

"आणि ज्या दिवशी फोन येतो त्या दिवशी?" मॅडमनी विचारलं.

"त्या दिवशी काय?"

"त्या दिवशी उठतं का पित्त?"

वहिनींचा हात वाटीत तसाच राहिला. त्यांनी पुन्हा फोनकडं पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "फोन आला की... आठवत न्हाई बया. न्हाई उठत वाटतं."

दारात प्रणाली उभी होती. ती म्हणाली, "न्हाई उठत, आई. परवा बाबांचा फोन आला तवा तू जेवताना हसत होतीस की."

"तू गप गं," वहिनी म्हणाल्या. मग मॅडमकडं वळून जरा रागानंच, "मजी काळजीनं अंगावर उठतं व्हय?"

"सगळ्यांच्या नाही उठत. तुमच्या-माझ्यासारखीच्या उठतं. वहिनी, आधी दवाखान्यात दाखवा. पित्ताला दुसरी कारणं पण असतात, ती बघायला पाहिजेत. गोळी देतील, आराम पडेल. पण दाखवताना त्यांना फोनचंही सांगा."

"फोनचं? डाक्टरला?" वहिनींनी कपाळाला हात लावला. "काय म्हनंल त्यो? बाई नवऱ्यापायी झुरतीया म्हनंल."

"म्हणू दे की. झुरताच आहात."

"आवं मॅडम!" वहिनी एकदम हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "मी तर पुढची पायरी पण चढलेय. मनाच्या डॉक्टरकडं जाते. आजही जाते. सगळ्या मेढ्याला सांगा."

"मनाच्या डाक्टरकडं जाता आन पोरींना शिकवता?"

"जाते म्हणून शिकवता येतं."

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण तसं झालं नाही. निघताना वहिनी फक्त "बघते" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रणाली सरावाला आली नाही. तिचं बघून आणखी काहीजणी गळाल्या. त्या आठवड्यात मॅडमचं अंग असं काही उठलं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. डोक्यात, कानामागं, पाठभर. झाडलेली चादर त्या पुन्हा झाडायला नेत. एका सकाळी पायरीवर बसून त्यांनी सांगलीला फोन लावला. आधी खालच्या डॉक्टरांना, मग वरच्या. लपून नाही, घरमालकीणकाकू शेजारी तांदूळ निवडत होत्या तरी. "होय डॉक्टर, पुन्हा सकाळ कशाला झाली असं वाटायला लागलंय. म्हणून तर लगेच फोन केला. या वेळी वाट बघत बसले नाही."

शनिवारी जाऊन त्या औषध बदलून आल्या. सोमवारी ट्रॅकसूट चढवून, पॅड बांधून मैदानात. मुली आल्या होत्या तीन. हेडसर व्हरांड्यात उभे राहून बघत होते. संघ पाठवायचाही नाही आणि मोडायचाही नाही अशा चेहऱ्यानं उभे होते.

"तिघींत साखळी कशी करायची मॅडम?" एकीनं विचारलं.

"दोघींनी हात गुंफायचे, तिसरीनं घोटा धरायचा. चला. धरा मला."

असं रोज चाललं. तीन मुली आणि मॅडम. मधे एक दिवस चौथी आली. हेडसरांनी एकदा मला विचारलं, "तुम्ही तरी समजावा हो त्यांना." मी म्हटलं, "सर, मी त्यांच्याच खोलीत राहते, त्यांच्याच हातचं जेवते. मी काय समजावणार?" शोभावहिनी सरकारी दवाखान्यात गेल्याचं कानावर आलं. तिथं त्यांनी फोनचं सांगितलं की नाही, ते मात्र कळलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. "तिचं तिला ठरवू दे," म्हणाल्या. "माझ्या पाठीवर हात ठेवून कुणी ढकललं असतं तर मी जिना चढले नसते."

त्याच सुमारास मला आमच्या भागातल्या शाळेत जागा मिळाली. घराजवळ, आईवडलांजवळ. सोडून जायचं जिवावर आलं होतं. निघायच्या दिवशी मॅडमनी डब्यात भरली वांगी आणि भाकरी बांधून दिली आणि दारातच निरोप घेतला. "स्टँडवर येणार नाही हं. सराव आहे." मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी मला खांद्याला धरून सरळ उभं केलं. "माळावरच्या पोरी वाकत नाहीत. जा. आणि तुझ्या वर्गात कुणी सारखी खाजवताना दिसली तर वांगं बंद करायला सांगू नकोस. झोप लागते का विचार."

ते मी आजही विचारते. काही मुलींनी उत्तर दिलं आहे, काहींना वरच्या मजल्यापर्यंत मी सोबत केली आहे. माझ्या शिक्षणात मला पुष्कळ चांगले गुरुजन भेटले. पण दुसऱ्याला काय विचारावं, हे मी मॅडमकडून शिकले.

त्या दिवशी बस सुटली आणि शाळेच्या वळणावर समोरून ट्रक आला म्हणून थांबली. डाव्या हाताला मैदान. कुंपणापलीकडं सराव चालू होता. मैदानावरच्या मुली मोजल्या नाहीत मी, पण त्या दिवशी पुष्कळ दिसल्या. प्रणाली होती. आणि कुंपणाच्या आतल्या अंगाला, डोक्यावर पदर घेऊन, हातात दळणाचा डबा घेऊन शोभावहिनी उभ्या होत्या. लेकीला न्यायला आल्या होत्या की बघायला, कोण जाणे.

मॅडम चढाईला आल्या. पार आत शिरल्या. मुली मागं सरल्या. प्रणाली अगदी त्यांच्या पायाशी होती, पण तिचा हात पुढं येईना. ती आईकडं बघत होती.

तेवढ्यात शोभावहिनींनी डबा खाली ठेवला आणि त्या ओरडल्या, "आगं धर की तिला! बघतीस काय माझ्या तोंडाकडं? निघाली बघ ती, धर!"

प्रणालीनं झेप घेतली. घोटा सापडला. मॅडम पुढं झुकल्या तशा बाकीच्या सगळ्या एकदम तुटून पडल्या. कुणी कंबरेला, कुणी दंडाला, कुणी नुसतीच वर. मॅडमचा एक हात तेवढा ढिगाबाहेर होता. तो मध्यरेषेकडं ताणलेला. प्रणालीनं घोटा सोडून त्यांचं कोपर छातीशी आवळलं होतं, गाल त्याच्यावर दाबून, डोळे गच्च मिटून. वहिनी रेषेबाहेरून ओरडतच होत्या, "सोडू नकोस गं! आजाबात सोडू नकोस!"

ट्रक निघून गेला. ड्रायव्हरनं गिअर टाकला. मी खिडकीतून मान बाहेर काढून जमेल तोवर बघत राहिले. ढिगाखालून मॅडमचा आवाज अजून येत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. दम तुटला नव्हता. आणि पोरींनी सोडलंही नव्हतं.